चार लग्नांचा माणूस

माझ्या पप्पांचं नाव छापील कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात, आणि तेही चार बायका करून सासऱ्यांच्या वाड्या गिळणाऱ्या माणसाचं नाव म्हणून.

मी तिथे इतिहासात एम.ए. करायला गेले होते. सांडोरची मुलगी, वसईत बी.ए. झालेली. "इतिहासात काय ठेवलंय, मेलेल्यांच्या भानगडी," असं अर्ध्या गावाने ऐकवून पाठवलेली. गावाला तरी मी काय बोलणार? पप्पा मात्र शाळामास्तर, आता निवृत्त, सकाळ-संध्याकाळ केळीच्या वाडीत रमणारे. ते एवढंच म्हणाले होते की जे शिकशील ते नीट शीक, अर्धवट नको.

दुसऱ्या सत्रात खेड्यांच्या इतिहासाचा एक विषय होता. आठवड्याला तीन लेख वाचून जायचे आणि गोल बसून त्यांवर बोलायचं. पाचव्या आठवड्याच्या यादीत आमच्या सरांचाच एक लेख होता, तीसेक वर्षांपूर्वी लिहिलेला. तिथे प्राध्यापकांना सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही, म्हणून इथेही सरच म्हणते. लेखाच्या दुसऱ्याच पानावर सांडोर हे नाव दिसलं आणि मी वाचनालयात बसल्या जागी रडायला लागले. घर सोडून पाच महिने झाले होते, बाहेर पाच-साडेपाचलाच अंधार पडत होता, आणि त्या परक्या कागदावर माझं गाव होतं. आज त्या रडण्याची मला चीड येते.

कारण पाचव्या पानावर पप्पांचं नाव होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं जसंच्या तसं. लेखात म्हटलं होतं की या गृहस्थाने साठेक वर्षांत चार लग्नं केली, शेवटचं पंच्याहत्तरीच्या आसपास, एका कोवळ्या मुलीशी, आणि दर लग्नानंतर त्याच्या नावावर नवी वाडी चढत गेली. बायका पुरत पुरत श्रीमंत झालेला गावपुढारी, असा त्याचा सगळा थाट. पुरावा कोणता, तर आमच्या चर्चमधली लग्नांची जुनी नोंदवही. सर म्हणे ती स्वतः पाहून आले होते.

आता ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात पहिल्या मुलाला त्याच्या आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव ठेवतात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. त्यात निवडानिवड नसते. त्यामुळे थोरल्या मुलांच्या ओळीत दोनच नावं आलटून पालटून येत राहतात. आजोबा आणि नातू एका नावाचे, बाप दुसऱ्या नावाचा. पप्पांना त्यांच्या आजोबांचं नाव, आणि त्या आजोबांना त्यांच्या आजोबांचं. नोंदीत नवऱ्याच्या बापाचं नाव असतं खरं, पण तेही दोन्हीकडे एकच येतं. आयांची नावं लिहायची तसदी त्या वहीत कोणी घेतली नव्हती. एवढ्यावर सरांनी दोन माणसं जोडून एक राक्षस उभा केला. खरं तर दोघं होते. पप्पांचे आजोबा आणि त्या आजोबांचे आजोबा. दोघांच्याही पहिल्या बायका बाळंतपणात गेल्या, दोघांनीही दुसरं लग्न केलं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही.

वर्गात मी हात वर केला. म्हटलं, "सर, हा एक माणूस नाही. हे दोघं आहेत." आणि नावांची रीत सांगितली. सरांनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फारच हृद्य. घरातली आठवण म्हणून मोलाची आहे. पण इतिहासकाराला विषयापासून थोडं अंतर राखावं लागतं. तुम्ही जरा जास्तच जवळ आहात."

वर्ग गोड हसला. माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा त्याच वर्षी आपल्या आजोबांच्या खाणगावावर प्रबंध लिहीत होता, आजोबांनीच लिहिलेल्या पत्रांच्या आधारावर. त्याला कोणी जवळ आहेस म्हटलं नव्हतं. त्याच्या जवळ असण्याला सर 'दुर्मीळ संधी' म्हणाले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. मी ठरवलं, माझा प्रबंध याच विषयावर.

नशीब असं की मार्गदर्शकही तेच मिळाले. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. चहा स्वतः करून द्यायचे, मेलला त्याच दिवशी उत्तर द्यायचे. त्यांनी गोड आवाजातच सांगितलं की कागद आणा. घरच्यांच्या सांगण्यावर निष्कर्ष उभा राहत नाही, तो घराण्याने केलेला इन्कार ठरतो. ईस्टरच्या सुट्टीनंतर कागद समोर नसेल तर विषय बदलावा लागेल. विषय बदलायचा म्हणजे काम पुढच्या वर्षावर जाणार, आणि माझा व्हिसा त्याच वर्षी संपत होता. थोडक्यात, कागद नाही तर पदवी नाही. आणि पप्पांच्या नावाचा माणूस कायमचा चार लग्नांचा.

मग फॉर्म सुरू झाले. बाहेरच्या देशांतून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना तसंही दर आठवड्याला ऑफिसात जाऊन कार्ड दाखवावं लागे, आम्ही पळून गेलो नाही हे कळावं म्हणून. इथल्या मुलांना ते नव्हतं. ती आठवडा आठवडा अंथरुणातून उठत नसत, त्यांचं कोणाला काही नाही. त्यात मी संशोधनासाठी 'परदेशी' जाणार, म्हणून धोक्यांचा तक्ता भरायचा होता. ठिकाण कोणतं, सांडोर. ते सुरक्षित आहे का. पिण्याचं पाणी कोणतं. रात्री एकटीने फिरण्याचे धोके कोणते आणि ते टाळण्यासाठी काय करणार. स्थानिक संपर्क कोण. मी लिहिलं, वडील. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म परत पाठवला. संपर्क म्हणून घरचा माणूस चालत नाही, संस्थेतला हवा. ज्या घरात माझे दात आले आणि पडले, त्या घरी जाणं धोक्याचं नाही हे मी त्यांना दोन पानांत पटवून दिलं.

दुसरा फॉर्म पप्पांसाठी होता. मी त्यांची मुलाखत घेणार, म्हणजे ते संशोधनातले सहभागी, म्हणून त्यांची लेखी संमती हवी. एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर बसून पप्पांनी तो कागद चष्मा लावून वाचला. हातात लाल पेन होतं, मास्तरकी सुटत नाही. इंग्रजीतल्या दोन चुका त्यांनी आधी दुरुस्त केल्या.

"इथे लिहिलंय, मला केव्हाही कारण न देता माघार घेता येईल," ते म्हणाले. "कशातून? तुझा बाप असण्यातून?"

"मुलाखतीतून, पप्पा."

"आणि माझी ओळख गुप्त ठेवतील म्हणे. छापून तर बसलेत सगळं नाव."

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती कागदावर उतरवायला गेले तर वाचणाऱ्याचा जीव जाईल, म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे. पण पप्पांच्या आवाजातला तो कोरडेपणा इथे आणता येत नाही याचं वाईट वाटतं. त्यांनी सही केली. मग मी त्यांना लेख दिला. तो त्यांनी एका दमात वाचून काढला. शेवटच्या पानावरचं लेखकाचं नाव पाहून मात्र त्यांनी चष्मा काढला.

"हा आला होता इथे. तुझा जन्म व्हायचा होता. दोन आठवडे चर्चच्या ऑफिसात बसायचा. आपल्याकडे दोनदा जेवला. जाताना तुझ्या आईने सुकेळी बांधून दिली होती त्याला, पुडा करून."

माझी आई मी कॉलेजात असताना गेली. तिच्या हातची, केळी वाळवून केलेली सुकेळी या माणसाने खाल्ली होती.

"त्याने तुम्हाला नाव नाही विचारलं?"

"विचारलं ना. मी सांगितलं, आणि त्याने वहीत लिहूनही घेतलं."

"पप्पा, त्याच नावाचा माणूस तो वहीत शोधत होता. तुम्ही समोर जेवायला बसलात. तरी त्याला काहीच वाटलं नाही?"

"त्याला वाटलं असेल, यांच्यात नावांचा तुटवडा आहे."

मग मुलाखत झाली, फॉर्मात दिल्याप्रमाणे. पप्पा दहा वर्षांचे असताना त्यांचे आजोबा वारले. लेखातला तो पंच्याहत्तरीचा नवरा म्हणजे हेच. प्रत्यक्षात दुसऱ्या लग्नाच्या वेळी ते तिशीतही नव्हते. पप्पांना आठवतं ते म्हातारपण. आजी अंथरुणाला खिळल्यावर तिचं लुगडं ते स्वतः बावखलावर नेऊन धूत. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं मोठं तळं, सगळ्या बायका तिथे. बायका हसत, पुरुष तर जास्तच. आजोबा कोणाकडे न बघता धुऊन, पिळून, खांद्यावर टाकून परत येत. बायका पुरून श्रीमंत झालेला माणूस तो हा.

पण हे काही कागद नव्हते. कागद चर्चमध्ये होते. आणि इथे माझी दुसरी लढाई झाली, आपल्याच माणसांशी.

ऑफिसात जे काका बसतात त्यांनी मला कडेवर घेतलेलं आहे. त्यांनी विचारलं, "दाखला कशासाठी हवाय? लग्न ठरलं का?" म्हटलं, दाखला नको, जुन्या वह्या बघायच्यात. तर म्हणाले, जुन्या वह्या कोणाला दाखवत नाहीत. फादरना विचारावं लागेल. फादर गावाला गेलेत. पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यात फादर होते, पण म्हणाले की पानं नाजूक आहेत, वरून परवानगी आणा. मी म्हटलं, "तीस वर्षांपूर्वी एका गोऱ्या माणसाला दोन आठवडे दाखवल्या होत्या." फादर नवीन होते, त्यांना ठाऊक नव्हतं. काकांना होतं.

"ते परदेशातून आले होते," काका म्हणाले.

"मीही परदेशातूनच आलेय."

मी हे रागाने बोलले होते. पण बोलल्यावर डोक्यात उजेड पडला. घरी येऊन विद्यापीठाचं पत्र काढलं. वर शिक्का, खाली सही, मध्ये ही आमची आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी आहे, हिला सहकार्य करावं असा मजकूर. तिथे हे दोन शब्द म्हणजे कार्ड दाखवायची शिक्षा होती. इथे त्यांनी कुलूप उघडलं. दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं, पंखा लावला गेला, काकांनी चहा मागवला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झालाय, पहिला कम्युनियन झालाय, आईची अंत्यविधीची मिस्सा झालीये, आणि त्या सगळ्यापेक्षा तो शिक्का वजनदार ठरला. चहा मी प्यायले, पण गोड लागला नाही.

सरांनी फक्त लग्नांची वही पाहिली होती. लग्नं, जमिनी, सत्ता, हा त्यांचा विषय. पोराबाळांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या बाजूच्याच कपाटात होत्या आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी त्या उघडल्या त्या एका साध्या गोष्टीसाठी. आमच्यात पहिल्या नातवाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारा, त्याचा आजोबाच होतो. जो नाव देतो तोच मेणबत्ती धरून उभा राहतो. मग बाळाच्या नोंदीत काय असणार?

चौथ्या दिवशी पप्पांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचं पान सापडलं. पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं, वाळवीने कडा खाल्लेलं. बाळाचं नाव, आणि तीन ओळी खाली धर्मपित्याचं नाव. तेच नाव, तेच आडनाव. पुढे स्पष्ट लिहिलं होतं, बाळाचा आजोबा. एकाच दिवशी, एकाच पानावर, दोघंही जिवंत. एकाचं वय दोन आठवडे. मी काकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "मग? असंच असतं. यात काय शोधलंस?"

काकांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला अजून संताप येतो. सरांनी त्या दोन आठवड्यांत टेबलापलीकडे बसलेल्या या माणसाला एक प्रश्न विचारला असता तर चार वाक्यांत काम झालं असतं.

परत गेल्यावर सरांसमोर त्या पानाचा फोटो ठेवला. त्यांनी तो उचलून जवळून पाहिला. मग म्हणाले, "सुंदर. हा खरोखर सुंदर पुरावा आहे." चुकलो असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहत बसले होते, त्यांनी चहा पुढे केला. प्रबंध पूर्ण झाला, गुण चांगले मिळाले, सप्टेंबरात सामान बांधून मी घरी आले. आता वसईतच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मनात म्हटलं होतं, झालं ते झालं, निदान आजोबा सुटले.

कसले सुटतात. परवाच्या डिसेंबरात सरांची मेल आली. त्यांचे जुने लेख एकत्र करून पुस्तक निघत होतं, आमच्या गावावरचा लेखही त्यात होता, आणि मला आनंद होईल म्हणून त्यांनी तो पाठवला होता. मी पाचवं पान काढलं. मजकूर तसाच. चार लग्नं, चार वाड्या, कोवळी मुलगी, सगळं जागच्या जागी. खाली बारीक अक्षरात एक टीप वाढली होती: एका स्थानिक माहितगाराच्या मते या नोंदी दोन व्यक्तींच्या असाव्यात.

'मते'. 'असाव्यात'. वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकून, दोन फॉर्म भरून, वाळवीची पानं उलटून, मी शेवटी माहितगार. नावसुद्धा नाही. ज्या माणसाचं नाव नको होतं ते ठळक छापलं, आणि ज्या मुलीचं हवं होतं ते गाळलं. मी सरांना लांबलचक मेल लिहिली. त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं, मनापासून दिलगीर आहे, पुस्तक छपाईला गेलं आहे.

पप्पांना टीप वाचून दाखवली. ते केळीचा घड उतरवत होते. म्हणाले, "म्हणजे मी अजून चार लग्नांचाच." आणि कोयता पुसून आत गेले. ते गमतीत बोलतात तेव्हा डोळ्यांत कळतं. तेव्हा ते गमतीत बोलत नव्हते.

जानेवारीत आचोळ्याला राहणाऱ्या माझ्या दादाला मुलगा झाला. पहिला मुलगा. वहिनी गोरेगावची, तिने दोन अक्षरी छान नाव ठरवून ठेवलं होतं, मोबाईलवर कुठेकुठे सांगूनही झालं होतं. खरं सांगते, दोन वर्षांपूर्वीची मी असते तर वहिनीच्या बाजूने भांडले असते. मलाच पप्पांच्या आईचं जुनाट नाव चिकटवलंय, शाळेत त्यावरून कमी चिडवलं नाही कोणी. पण आता मी आचोळ्याच्या त्या फ्लॅटमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, घरी काहीही हाक मारा, बाप्तिस्म्याला पप्पांचंच नाव द्या.

"तुला काय एवढं पडलंय गं?" वहिनी म्हणाली.

मी तिला लेखाची सगळी गोष्ट सांगितली, टिपेसकट. ऐकताना ती बाळाला थोपटायची थांबली.

"म्हणजे त्याने आपल्याकडे जेवून असं लिहिलं?" ती म्हणाली. "ठेवा पप्पांचंच."

फेब्रुवारीत सांडोरला बाप्तिस्मा झाला. रीतीप्रमाणे पप्पा धर्मपिता. आई असती तर ती धर्ममाता झाली असती, तिच्या जागी मी उभी राहिले. पाणी पडल्यावर बाळाने चर्च डोक्यावर घेतलं. नंतर सहीसाठी आम्ही ऑफिसात गेलो. काकांनी नवी नोंदवही पुढे सरकवली. बाळाचं नाव, तीन ओळी खाली धर्मपित्याचं नाव. तेच नाव, तेच आडनाव. फक्त आता छापील रकाने आलेत, आणि धर्मपिता बाळाचा कोण, हे लिहायला त्यात रकानाच नाही.

मी काकांना म्हटलं, शेऱ्यात लिहा की हे आजोबा आणि नातू आहेत.

"शेरा लग्नासाठी असतो," काका म्हणाले. "पुढे याचं लग्न झालं की तिथे लिहायचं. आणि हे काय लिहायचं? सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला माहीतच आहे, काका. गावासाठी नाही लिहायचं."

"फादरना विचारावं लागेल."

पप्पा सही करायला वाकले होते. त्यांनी सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही. काकांनी हात पुढे केला तरी दिलं नाही. वही स्वतःकडे वळवून घेतली, आणि शेऱ्याच्या रकान्यात, फळ्यावर लिहायचे त्या गोल, सुट्या अक्षरात लिहिलं:

'वरील दोन व्यक्ती वेगवेगळ्या आहेत. आजोबा व नातू. शंका असल्यास गावात विचारावे.'